होई जाई, काकू

परवा त्या तिघांनी माझा सत्कार केला. धुळ्यात देवपुरातल्या एका हॉलमध्ये, शाल, नारळ, गुलाबांचा बुके, सगळं रीतसर. त्यांच्यातला बोलका मुलगा माइकवर म्हणाला, "काकू आमच्या पाठीशी उभ्या राहिल्या नसत्या तर हे मशीन कधीच झालं नसतं." टाळ्या पडल्या. मला दोन शब्द बोलायला सांगितलं. मी गळ्याला हात लावून घसा बसल्याचं दाखवलं आणि खाली बसले. घसा ठणठणीत होता. पण तोंड उघडलं असतं तर त्या कार्यक्रमाचा विचका झाला असता, आणि माझ्या हातात त्यांचाच नारळ होता. तेव्हा जे तिथे बोलले नाही ते इथे लिहिते.

मशीन चांगलं आहे, हे आधीच सांगून टाकते. साबणाच्या डबीपेक्षा थोडं मोठं. कागदावर धरायचं, एकच मोठं बटण दाबायचं, की ते छापलेलं मराठी मोठ्यानं वाचून दाखवतं. इंग्रजीही वाचतं. हे काम मोबाइलवर होतं हे मलाही माहीत आहे, कृपया कोणी सांगायला येऊ नका. ज्याला दिसत नाही त्याच्या बोटाला मोबाइलची काच सगळीकडून सारखीच लागते. या डबीवरचं बटण अंधारातही सापडतं. ही कल्पना त्या तिघांतल्या मुलीची. तिच्या डोक्याबद्दल माझी कधीच तक्रार नव्हती.

तिघंही धुळ्यातच शिकलेले. बोलका लोकांशी बोलायचा, दुसरा दिवसभर सोल्डरिंग करायचा आणि शब्दही काढायचा नाही, आणि मुलगी त्या डबीला वाचायला शिकवायची. माझ्या घराची खालची खोली रिकामी होती, ती मी त्यांना दिली. का दिली? अक्कासाठी. उगाच समाजसेवेचा आव आणत नाही.

अक्का म्हणजे माझी थोरली बहीण. शिंदखेड्याला प्राथमिक शाळेत तिनं आयुष्य काढलं. यजमान लवकर गेले. तिनं स्वतःच्या पगारातून दोन खोल्यांचं घर बांधलं, मुलाला शिकवलं, मुलगा सुरतेला कापडबाजारात लागला, आणि ती एकटी त्या घरात मजेत राहिली. मग साखरेनं डोळे खाल्ले. उजेड कळायचा, माणूस हलताना कळायचा, अक्षर मात्र गेलं. शेजारचे एक गृहस्थ रोज येऊन पेपर वाचून दाखवायचे. त्यांना राजकारणाची आवड, म्हणून अक्काला रोज राजकारण. ती मला फोनवर चिडून आमच्या अहिराणीत सांगायची, "तो त्याले आवडस तेच वाचस! माले वाचता येस ना, फक्त दिसत नही. दोन्ही येगळ्या गोष्टी शेतस."

मला हे वाक्य फार पटलं. म्हणून त्या हिवाळ्यात मुलीनं मला मशीनबद्दल सांगितलं तेव्हा मी सगळ्यांत आधी अक्काचं नाव घालायला लावलं.

सगळ्यांत आधी म्हणजे यादीत दुसरं. पहिलं नाव एका आबांचं होतं, कारण शेत त्यांचं होतं. या शेताचीच तर सगळी गोम आहे. आगाऊ नोंदणीसाठी बाहेरच्या कुठल्या शहरात वेबसाइट वगैरे केली असती. आमच्या या शहाण्यांनी भरताची पार्टी केली. धुळ्याबाहेर आबांच्या शेतात, कपाशीच्या पऱ्हाट्यांच्या जाळावर वांगी भाजली, ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या पुऱ्या तळल्या, ओळखीपाळखीची, भाऊबंदकीतली, ज्यांच्या घरात कोणाचे डोळे अधू आहेत अशी सगळी माणसं बोलावली. लोकांनी पोट भरून जेवून, आगाऊ पैसे देऊन नावं नोंदवली. मीही बोटं चाटत चाटत "वा, काय छान पद्धत" म्हटलं होतं. आता वाटतं, त्या वांग्यांनीच घात केला. खानदेशात ज्याच्या शेतात बसून भरीत खाल्लं त्याला तोंडावर 'नाही' म्हणता येत नाही. आणि या तिघांचं तर सगळंच गिऱ्हाईक एका पंगतीतलं.

मशीन आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, देऊ म्हणाले होते. आखाजी आली, लेकीबाळी माहेरी येऊन झोके घेऊन परतही गेल्या, मशीन नाही. कॅमेऱ्याचा सुटा भाग बाहेरून यायचा, तो अडकला होता. हे खरं होतं. मी स्वतः त्या पोरांना कुरियरवाल्याशी भांडताना पाहिलं आहे, एकदा मीही भांडले. तोवर माझी काहीच तक्रार नव्हती. भाजी बाजारात एक बाई मला म्हणाली, "तुमच्या घरातली ती पोरं लोकांना गंडवून पळणार बरं का." मी तिला तिथेच, कोथिंबिरीच्या जुडीसकट, असं काही सुनावलं की भाजीवाल्यानं तराजू खाली ठेवला. शिव्या द्यायच्या तर मी देईन. बाहेरच्यानं द्यायच्या नाहीत.

लोकांचे फोनही मीच घ्यायला लागले. कारण बोलक्याचं फोनवरचं बोलणं मी जिन्यात उभी राहून ऐकलं होतं. समोरचा काहीही म्हणो, याचं एकच, "होई जाई, नाना. होई जाई. पुढला हप्तामा." पुढचा आठवडा काय, पुढचा महिनाही दिसत नव्हता. मी फोन हिसकावून घेतला आणि म्हटलं, "नाना, नाही झालं. कधी होईल माहीत नाही. झालं की सांगू."  मग नाना बोलक्याकडे माझीच तक्रार करून मोकळे झाले, की कोण बाई आहे ती, फार तोडून बोलते.

त्या सगळ्यांत एकच माणूस मला आवडला. मच्छीबाजाराच्या बाजूला ज्यांचं स्टोव्ह-कुकर दुरुस्तीचं दुकान आहे, ते भाई. त्यांच्या आईला उर्दू वाचून हवं होतं. ते यायचे, दारातच उभे राहून कडाडून भांडायचे, चहा नाकारायचे आणि जायचे. बाकीचे मात्र चहा घ्यायला बसायचे.

या बसणाऱ्यांबद्दल सांगते, कारण इथेच माझी तळपायाची आग मस्तकात जाते.

उशीर झाला की गिऱ्हाईक चिडतं, पैसे परत मागतं, अशी माझी समजूत होती. आमच्याकडे तसं झालं नाही. आमच्याकडची थोर मंडळी पोरांची चौकशी करायला येऊ लागली. प्रेमानं. कोणी केळी घेऊन, कोणी घरची तूरडाळ घेऊन. खुर्चीत बसून चहा प्यायचा, अर्धवट डबी हातात घेऊन उलटीसुलटी करायची, आणि मग एक सूचना. पहिली सूचना आबांची. "भो, येनामा एक बॅटरी टाकी दे ना. रातले उठनं पडस." ज्याला दिसत नाही त्याच्या मशीनला बॅटरी! उजेड पाडून तो माणूस बघणार काय? पण शेत आबांचं, भरीत आबांचं. "होई जाई, आबा." बॅटरी आली. मग नानांना रेडिओ हवा झाला. एका वहिनींना सकाळी आरती लागायला हवी होती. कोणाला दर तासाला किती वाजले ते सांगायला हवं होतं. एका काकांनी तर मोटार चालू-बंद करायचं बटण मागितलं. विहिरीवरच्या मोटारीचं! बोलका प्रत्येकाला हसून "होई जाई" म्हणायचा, आणि मागे बसलेला सोल्डरिंगवाला मुकाट्यानं डबी पुन्हा उघडायचा. बॅटरी बसवली की डबी मोठी व्हायची, डबी मोठी झाली की साचा बदलायचा, साचा बदलला की बटणाची जागा हलायची.

भाईंच्या उर्दूलाही "होई जाई"च म्हटलं होतं. ती एकच मागणी वाचण्याबद्दल होती, आणि तिच्यावर कोणी हात घातला नव्हता.

मी ओरडायचे. रोज ओरडायचे. "वाचायचं मशीन आहे की जत्रेतलं खेळणं?" मुलगी मान खाली घालून म्हणायची, "काकू, आता थोडंच राहिलंय." तिघंही दिवसभर कानात इयरफोन घालून बसलेले असायचे. मला वाटायचं, राहिलंय म्हणजे वाचायचंच राहिलं असणार. पेपर ते मशीन चांगलं वाचायचं, ते मी ऐकलं होतं. पण गोळ्यांच्या चकचकीत पट्ट्यांवर उजेड चमकायचा आणि अक्षरं हुकायची. आणि अक्काला पेपरपेक्षा पट्ट्याच वाचायला हव्या होत्या.

कारण पावसाळ्याच्या तोंडाला अक्का अंगणात पडली. साखरेची गोळी समजून तिनं रक्तदाबाची गोळी दुसऱ्यांदा घेतली होती. दोन्ही पट्ट्या हाताला सारख्याच लागतात. शेजारच्यांनी उचललं, दवाखान्यात नेलं, निभावलं. श्रावणात घरच्या देवीची, कानबाईची, स्थापना करायला भाचा सुरतेहून शिंदखेड्याला आला. सगळी भाऊबंदकी जमली होती. प्रसादाच्या रोटांचं जेवण झाल्यावर त्यानं मला बाजूला घेतलं.

"मावशी, आईला आता एकटं ठेवणं मला जमत नाही. झोप लागत नाही मला."

"ते मशीन येतंय ना," मी म्हटलं.

"दिवाळीपर्यंत बघतो. आईनं माझ्यासमोर स्वतःच्या गोळ्या स्वतः वाचून घेतल्या, तर मी एक शब्द बोलणार नाही. नाही तर भाऊबीज झाली की घेऊन जाणार. घर भाड्यानं देऊन टाकू."

त्याचं काही चुकत नव्हतं, म्हणूनच मला त्याच्यावर धड रागावताही आलं नाही. अक्का आतून ऐकत होती. ती बाहेर आली आणि लेकाला म्हणाली, "दिवाळी ना? ठरनं मंग." तिचा त्या मशीनवर माझ्यापेक्षा जास्त विश्वास होता. माझ्या बोलण्यावरच होता, खरं तर.

मी धुळ्याला परतले त्याच संध्याकाळी खाली जाऊन तिघांना समोर बसवलं आणि सगळं सांगितलं. अक्काचं पडणं, भाच्याची अट, घर. "दिवाळी म्हणजे दिवाळी," मी म्हटलं. बोलक्याचे डोळे भरून आले होते. "होई जाई, काकू," तो म्हणाला. मी त्याला सांगितलं, हे शब्द माझ्यासमोर पुन्हा काढू नकोस.

दसरा गेला. दिवाळीत मी फराळाचा डबा खाली नेऊन आपटला. "साचा आला की लगेच," मुलगी म्हणाली. साचा आला नाही.

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी मी शिंदखेड्याला होते. भाच्यानं गाडी आणली होती. अक्कानं दोन पिशव्या भरल्या होत्या, फार काही घेतलं नव्हतं. शेवटी भाचा दाराला कुलूप घालायला गेला तर ती म्हणाली, "कुलूप मी लावसू." कडी हातानं चाचपून तिनं कुलूप घातलं, ओढून बघितलं आणि किल्ली त्याच्या हातात दिली.  एका शब्दानं मला बोलली असती तर बरं वाटलं असतं. गाडी गेल्यावर मी एसटीची वाट बघत स्टँडवर उभी राहिले.

त्यानंतर काही दिवस मी खालच्या खोलीत पाऊलच टाकलं नाही. मग एका दुपारी जिन्यातून उतरत असताना आतून आवाज आला. मशीनचा. इयरफोनची वायर निघाली असावी. मशीन एका गोळीचं नाव वाचत होतं, मग तिचं प्रमाण, मग ती कधीपर्यंत चालेल तो महिना. स्वच्छ. न अडखळता.

मी दारात जाऊन उभी राहिले. मुलीच्या हातात गोळ्यांची चकचकीत पट्टी होती.

"हे वाचतंय?"

"हो काकू," ती आनंदानं म्हणाली. "पट्ट्यांचं काम कधीच झालं. कानबाईच्या वेळेलाच झालं. आता फक्त बॅटरी आणि रेडिओ..."

ती पुढे काय बोलली ते मला ऐकूच आलं नाही. कानबाईच्या वेळेला! ज्या आठवड्यात भाचा मला अट सांगत होता त्याच आठवड्यात माझ्याच घराच्या खालच्या खोलीत ते मशीन गोळ्यांच्या पट्ट्या वाचत होतं. दसऱ्याला वाचत होतं. मी फराळाचा डबा आपटला तेव्हाही टेबलावर पडलेलं ते वाचू शकत होतं.

"मग दिलं का नाही?" मी इतक्या जोरात ओरडले की सोल्डरिंगवाला उभा राहिला.

"अर्धवट कसं देणार, काकू?" बोलका म्हणाला. "टेपनं चिकटवलेलं, साचा नाही, काही नाही. अक्का तुमच्या बहीण. मोठ्या माणसाच्या हातात असं कसं ठेवायचं? आणि पहिलं नाव आबांचं. त्यांची बॅटरी झाली नसताना दुसऱ्याला आधी दिलं असतं तर आबांना काय वाटलं असतं?"

"मी दिवाळीचं सांगितलं होतं ना?"

 उत्तर त्या न बोलणाऱ्या सोल्डरिंगवाल्यानं दिलं. "काकू, दिवाळी सगळेच सांगतात."

मी आयुष्यभर शाळेत गणित शिकवलं, वर्गात पुष्कळ ओरडले, पण त्या दिवशी जे बोलले ते मी इथे लिहिणार नाही. आबांना काय वाटलं असतं! एका माणसाला वाईट वाटू नये म्हणून एका बाईचं घर गेलं. आणि ते आबा! त्यांना विचारलं असतं ना, तर त्यांनी बॅटरी चुलीत घातली असती आणि स्वतः गाडी काढून ते मशीन शिंदखेड्याला नेऊन दिलं असतं. त्यांना कोणी विचारलंच नाही. विचारलं म्हणजे 'नाही' म्हणावं लागलं असतं, आणि तेवढंच या पोरांना येत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मुलीला सांगितलं, "चल. चिकटपट्टी लावलेलं आहे तसं घे आणि माझ्याबरोबर सुरतेला चल." तिनं कारण विचारलं नाही. धुळ्याहून सुरतेची एसटी धरली. सगळ्या रस्त्यात मी तिच्याशी बोलले नाही. नवापूरला गाडी थांबली तेव्हा तिनं चहा आणून दिला. तो मी घेतला, पण बोलले नाही.

भाचा कामावर गेला होता. शिंदखेड्याचं घर त्यानं म्हटल्याप्रमाणे भाड्यानं दिलंही होतं. अक्काची सून चांगली आहे, मनापासून करणारी. तिनं आम्हाला बसवलं. अक्का बाल्कनीत प्लास्टिकच्या खुर्चीवर बसली होती, रस्त्याकडे तोंड करून, जणू काही दिसत असल्यासारखी. मी मुलीची ओळख करून दिली आणि मशीन अक्काच्या मांडीवर ठेवलं.

अक्कानं ते चाचपलं. टेपवरून बोट फिरवलं. बटण तिला लगेच सापडलं. सांगावंही लागलं नाही. मी सुनेकडून गोळ्यांची एक पट्टी मागून घेतली आणि अक्काला दिली. तिनं डबी पट्टीवर धरली, बटण दाबलं. मशीन बोललं. तिनं पट्टी जरा सरकवून पुन्हा बटण दाबलं. दुसरी पट्टी घेतली. तीही वाचली. इतक्या दिवसांनी मी तिचा चेहरा तसा पाहत होते, वर्गात एखादं पोर पहिल्यांदा न अडखळता वाचू लागलं की तिचा व्हायचा तसा.

"चांगलं शे," ती म्हणाली. मग, "कवयपासून वाचस हाई?"

मी मुलीकडे पाहिलं. मी उत्तर देणार नव्हते. एवढ्यासाठीच तर तिला इतक्या लांब आणलं होतं.

"कानबाईपासून," मुलगी म्हणाली.

खाली रस्त्यावर रिक्षांचे हॉर्न वाजत होते. अक्कानं दोन्ही पट्ट्या नीट एकावर एक ठेवल्या.

"मंग माले घर सोडानी गरज नव्हती," ती म्हणाली.

मुलगी रडायला लागली. मी तिला म्हटलं, "रडू नकोस. इथे नको." अक्कानं तिची समजूत घातली नाही. शाळेतही ती रडणाऱ्या पोरांची समजूत घालायची नाही. आधी डोळे पूस, मग सांग, म्हणायची. सून म्हणाली, "आई, ठेवून घ्या ना. इथे वाचत बसाल. पेपर देईन रोज."

"आठे माले वाचानं काय काम शे? तू गोया हातमा आनी देस." अक्का हे रागानं म्हणाली नाही. जे होतं ते तिनं सांगितलं. मग मशीन उचलून तिनं मुलीच्या दिशेनं धरलं. "हाई ज्यानं घर अजून शे त्याले दी टाक. आनि असंच दी टाक. टेपसकट."

मुलीनं ते दोन्ही हातांनी घेतलं. दुपारच्या जेवणाची वेळ झाली होती. सून आत जाऊन पाणी घेऊन आली, आणि अक्कानं तळहात पुढे केला, गोळ्यांसाठी.